मदत हवी आहे : जुनी येझदी गरम झाली की बंद पडते, पार्ट कुठं मिळतील, पेट्रोल कुठलं घालू? (अर्जंट)

खानापूरकर
नमस्कार मंडळी. बाबांची येझदी मोटारसायकल अकरा वर्षं गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली पडली होती, ती गेल्या दिवाळीपासून करायला काढली. इंजिन उतरवून बोअर मारून आणलं, पिस्टन नवा, रिंगा नव्या. सकाळी दुसऱ्या किकला चालू होते, आवाज पण एकदम जुना, बाबा ओसरीवर येऊन उभे राहतात. पण बेळगावला निघालो की सात-आठ किलोमीटर, गणेबैलच्या टोलनाक्याच्या आसपास गचके देत बंद. वीस मिनिटं थांबलं की परत चालू. प्लग, कॉइल, कंडेन्सर सगळं बदललं, तीन हजार गेले. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो, त्या दिवशी बाबांना मागं बसवून बेळगावात न्यायचंच आहे. लवकर सांगा.

टिळकवाडी_टूस्ट्रोक
मॉडेल कुठलं, साल कुठलं, ठिणगी पॉइंटवर पडते की सीडीआयवर (इलेक्ट्रॉनिक)? ऑइल किती घालतोस? काहीच लिहिलं नाहीस, आम्ही काय सांगणार.

निपाणीकर
पेट्रोलच कारण आहे, लिहून ठेव. आता सगळीकडं वीस टक्के इथेनॉल. ह्या गाड्या बनल्या तेव्हा ते नव्हतंच, आतले रबर फुगतात, पाइप मऊ पडतो, कार्बोरेटरमधी पांढरी पावडर धरते. शंभर ऑक्टेनवालं महागडं पेट्रोल घाल, माझी येझदी रोडकिंग त्याच्यावरच पळते.

उद्यमबागवाला
निपाणीकर, ऑक्टेनचा इथं काय संबंध ओ? येझदीचं कॉम्प्रेशन कमी, तिला साधं पेट्रोल पुरतं. प्रश्न इथेनॉलचा आहे, आणि ऑक्टेन जास्त म्हणजे इथेनॉल नाही असा अर्थ होत नाही. काचेच्या मापात १०० मिली पेट्रोल घ्या, १० मिली पाणी घाला, हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर दहाच्या जागी तीसच्या आसपास आला की समजायचं वीस टक्के इथेनॉल पाण्यात उतरलं. दहावरच राहिला तर पेट्रोल कोरं. मी माझ्या पंपाचं असंच बघून घेतो. आणि ते पाणी मारलेलं पेट्रोल परत टाकीत ओतू नका, तसं करणारे पण बघितलेत.

गडहिंग्लजचा_तात्या
गाडी कुठल्या पासिंगची? महाराष्ट्राची असेल तर एनओसी आणून कर्नाटकात टॅक्स भरून नंबर बदलून घ्यावा लागतो, नाहीतर नाक्यावर धरतील. आणि २०२१ च्या नियमाप्रमाणं जुन्या गाडीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नव्यानं नोंदणीला वीस हजार.

टिळकवाडी_टूस्ट्रोक
तात्या, तो नंबर पन्नास वर्षं झालेल्या गाडीला. आणि ह्यानं ते विचारलेलंच नाही की ओ.

खानापूरकर
गाडी २५० क्लासिक, ८१ ची, पॉइंटवालीच. पासिंग बेळगावचंच, आरसी बाबांच्या नावावर, त्याचा काही प्रश्न नाही. ऑइल मेस्त्री अंदाजानं ओततो. साधं पेट्रोल.

टिळकवाडी_टूस्ट्रोक
अंदाजानं? नवा पिस्टन बसवलाय आणि अंदाजानं? लिटरला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) पेट्रोलात मोजून घाल, पाच लिटरला २००, खोकल्याच्या औषधाची बाटली असली तरी चालेल पण मोजून. पॉइंटची गॅप ०.४ मिलिमीटर बघ. आणि बंद पडल्या पडल्या प्लग काढून रंग सांग, पांढरा, काळा की तपकिरी.

म्हैसूर_रिटर्न
मी सोळा वर्षं म्हैसुरात होतो. १९६१ ते १९९६ आधी जावा, मग येझदी अशा ह्या गाड्या तिथंच बनल्या, त्यामुळं अजून तिथल्या जुन्या दुकानांत बरंच काय काय मिळतं. माझं म्हणणं एकच, क्रँकचं ऑइल सील (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या टोकाची रबरी रिंग) गेलंय. क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअरचं ऑइल आत ओढतं, पांढरा धूर येतो. दुसऱ्या बाजूचं गेलं की हवा ओढते आणि गरम झाल्यावर मरते. नव्वद टक्के येझदी सीलनंच बंद पडतात.

निपाणीकर
सीलला पण इथेनॉलच खातं.

ऊसवाला_चिकोडी
इथेनॉलला उठसूट शिव्या घालू नका रे बाबांनो. आमच्या भागात कारखान्याचं बिल वेळेवर निघायला लागलं ते त्याच्यामुळंच. पेट्रोल पाहिजे तसलं भरा, पण शेतकऱ्याच्या पोटावर बोलू नका.

निपाणीकर
ऊस माझा पण आहे. मी गाडीबद्दल बोललालोय.

उद्यमबागवाला
सीलसाठी म्हैसूरला कशाला जायला पाहिजे. जुनं सील काढलं की आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी तीन मापं घेऊन बेअरिंगच्या दुकानात जायचं, व्हायटॉन रबरचं मागायचं, ते इथेनॉलला टिकतं. बुश, स्टड असलं काय पाहिजे तर बेळगावातच उद्यमबागेत लेथवर करून मिळतं.

गडहिंग्लजचा_तात्या
कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जा, तिथल्यासारखं काम कुठं नाही.

उद्यमबागवाला
तात्या, खानापूरचा माणूस बेळगाव ओलांडून कोल्हापूरला कशाला जाईल?

कॉलेजरोड_पोरगा
नव्या येझदीच्या शोरूममधी विचारा ना, ओरिजिनल पार्ट मिळतील.

टिळकवाडी_टूस्ट्रोक
अरे नवी फोर स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारी. नाव सोडलं तर एक वायसर पण जुळत नाही.

खानापूरकर
गिअर ऑइल कमी होत नाही, मोजलं. पांढरा धूर नाही. प्लगचा रंग फिका, पांढरट. आता सील काढायचं म्हणजे परत इंजिन उतरवायचं काय? हाताशी फक्त दोन आठवडे आहेत. कोणीतरी नीट एकच सांगा.

शहापूरची_ताई
इंजिनाला हात लावू नकोस अजून. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडून बघितलंस काय? फुस्स असा हवा ओढल्याचा आवाज येतो का? आणि टाकीवर, झाकणावर काही काम केलंयस का, ते तू कुठंच लिहिलं नाहीस.

खानापूरकर
टाकी आतून गंजली होती, साफ करून, कोटिंग मारून, रंगवून आणली, क्रोम पण केलं. झाकणाचं रबर सडलेलं होतं, नवं कुठं मिळेना म्हणून मेस्त्रीनं ट्रकच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवला. त्याचा काय संबंध?

शहापूरची_ताई
सगळा संबंध तिथंच असेल बघ. झाकणात हवा आत यायला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरेल तशी वरनं हवा आत पाहिजे, नाहीतर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरायचंच थांबतं. सात-आठ किलोमीटर पळते, मग उपाशी मरते, म्हणून प्लग पांढरा. थांबलास की हवा हळूहळू कुठनं तरी आत शिरते आणि परत चालू. माझ्या भावाच्या जावाला हेच झालं होतं, आम्ही दोन कॉइल उगाच घेतल्या. आणि ट्यूबचं रबर पेट्रोलात फुगतं, आधी भोक राहिलं असलं तरी आता बुजलं असणार.

म्हैसूर_रिटर्न
तरी सील एकदा बघाच.

खानापूरकर
आज सकाळी गेलो. पाऊस बारीक होता. गणेबैलच्या अलीकडं गचके सुरू झाले, गाडी बाजूला घेतली, झाकण फिरवलं तर लांब फुस्स आवाज, बाबांना पण ऐकू गेला. झाकण नुसतं ठेवून, न आवळता किक मारली, पहिल्याच किकला चालू. घरी येऊन रबर काढलं तर भाकरीसारखं फुगलेलं, मधे भोकच नाही, वरनं क्रोमवाल्यानं झाकणाचं भोक पण बुजवलेलं. सुईनं मोकळं केलं. ताई, तुमचे उपकार कसे फेडू. आता तिथं काय घालू?

शहापूरची_ताई
पेट्रोलला टिकणारं नायट्राइल रबरचं शीट दोन-तीन मिलिमीटरचं घे, जुन्या मापानं काप, मधे भोक ठेवायला विसरू नकोस. उपकार कसले, बाबांचा फोटो टाक.

उद्यमबागवाला
टाकीखालच्या पेट्रोल कॉकची जाळी पण काढून धू. नव्या कोटिंगचे पापुद्रे सुटले की पहिले तिथंच अडकतात. आणि आता पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवू नकोस. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून खाली बसतात आणि कॉक तिथनंच घेतो. पंधरा दिवस उभी ठेवणार असलास तर कार्बोरेटर रिकामा करून ठेव.

खानापूरकर
बेळगावला जाऊन परत खानापूर, कुठंही न थांबता. येताना बाबांनी चालवली. किक आणि गिअरचा दांडा एकच ना, पाय आपोआप तिथं गेला म्हणाले. ऑइल ४० मिलीनं मोजून घातलंय. रविवारी येतोय, फोटो तिथंच काढू.

गडहिंग्लजचा_तात्या
कोणाकडं क्लासिकची मीटर केबल आहे काय? माझी तुटलीय.