मदत हवी आहे: जुन्या शिडाच्या बोटीतलं कुजलेलं बल्कहेड

नमस्कार मंडळी,

मेरिलंडला चेसापीक उपसागरात आमची तीस फुटी शिडाची बोट आहे. १९७० च्या दशकातली, फायबरग्लासची. केबिन आणि पुढची झोपायची जागा यांच्यामधलं उजवं बल्कहेड (प्लायची आडवी भिंत) वरच्या अंगाला कुजलंय. सागाचं व्हिनियर दिसायला शाबूत, पण चेनप्लेटच्या (डोलकाठीची तार अडकवायच्या धातूच्या पट्टीच्या) बोल्टांपाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर सरळ आरपार जातो. खाली बाकापाशी लाकूड अजून टणक आहे.

कारण उघड आहे. चेनप्लेट डेकमधून खाली उतरते तिथलं सीलंट केव्हाच संपलंय आणि पावसाचं पाणी प्लायच्या कडेत मुरत राहिलं. खाऱ्यापेक्षा हे गोडं पाणीच लाकूड खातं.

कपाटं, बाकं असती तर विचारलंही नसतं. पण आमची डोलकाठी डेकवर उभी आहे, तिचा भार बल्कहेडला जोडलेल्या खांबावर येतो, आणि तिला बाजूने ताणून धरणारी तार याच चेनप्लेटला अडकवलेली. यार्डात एकजण म्हणतो भोकं पाडून पातळ इपॉक्सी ओता. दुसरा म्हणतो वरचा भाग कापून तुकडा जोडा. तिसरा म्हणतो अख्खं बदला, आणि तो ते काम स्वतःच करायला उत्सुक आहे!

कुणी हे केलंय का? डोलकाठी न उतरवता, डेकला आतून जॅक लावून भागेल का? आणि प्लाय कुठलं घ्यावं? जुनं पाऊण इंची आहे.

---

प्रतिसाद:
इपॉक्सी ओतायचं डोक्यातून काढा. ओल्या लाकडात ते शिरत नाही, आणि शिरलं तरी कुजलेल्या तंतूंना ताकद परत येत नाही. दाराची चौकट असती तर चाललं असतं.

डोलकाठी उतरवा. क्रेनचे पैसे जातील, पण बाजूची तार सोडून, नुसत्या जॅकच्या भरवशावर वाऱ्यात उभ्या डोलकाठीखाली काम करू नका.

बल्कहेड पूर्ण बदला. तुकडा जोडायचा तर तिरका सांधा जाडीच्या आठपट लांब लागतो, म्हणजे १८ मिमी प्लायला जवळजवळ १५ सेंमी, आणि तुमचे बोल्ट नेमके त्याच टापूत येणार. जुनं काढताना शक्यतो अखंड काढा, तोच तुमचा साचा. मोडलंच तर पातळ प्लायच्या पट्ट्या ग्लू-गनने चिकटवून आकार घ्या. त्याआधी पायऱ्यांच्या दारातून नवी फळी आत जाते का ते मोजा, हे लोक हमखास विसरतात.

बोटीच्या अंगाला जोडणारी फायबरग्लासची पट्टी ग्राइंडरने कापा आणि खालचं रंग-ग्रीस सगळं घासून कोरं फायबरग्लास उघडं करा. मास्क चांगला घ्या, ती धूळ दिवसभर खाजवते. फळीची कड थेट अंगाला टेकवू नका, मध्ये फोमची पट्टी ठेवा, नाहीतर बाहेरून तिथे उंचवटा दिसतो. वर जाड केलेल्या इपॉक्सीचा गोलसर कोपरा आणि त्यावर बायअ‍ॅक्सियल (दोन दिशांनी धागे असलेल्या) फायबरग्लास कापडाचे थर. बोटीच्या जुन्या पॉलिस्टर रेझिनवर इपॉक्सी छान धरतं, म्हणून इथे पॉलिस्टर रेझिनची काटकसर नको.

---

प्रतिसाद:
भारतात असतात तर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या म्हणालो असतो. तिकडे बीएस १०८८ हा ब्रिटिश मानकाचा शिक्का बघा. मात्र त्यातलं ओकूमे लाकडाचं प्लाय हलकं आणि गुळगुळीत असलं तरी कुजायला कच्चं. मी मेरांटी लाकडाचं घेईन. पाऊण इंच म्हणजे १९ मिमी, तुम्हाला १८ मिळेल, तो फरक बोल्टपाशी भरून काढा.

बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरा आणि मग मापाची परत पाडा, म्हणजे पुढे गळलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही. चेनप्लेटही काढून बघा. डेकच्या जाडीत दडलेल्या भागात, जिथे हवा लागत नाही, तिथेच स्टेनलेस आतून गंजून खाल्लं जातं. तांबूस डाग किंवा बारीक चीर दिसली तर ३१६ दर्जाच्या स्टेनलेसची नवी करून घ्या. त्या भोकाभोवती डेकवर हातोडीच्या दांड्याने ठोकूनही पाहा. आवाज बद्द आला तर डेकच्या आतलं बाल्साही (हलक्या लाकडाचा गाभा) ओलं आहे.

---

धागाकर्ता:
दोघांचे आभार. डेक ठोकून पाहिलं, उजवीकडे वीतभर भागात आवाज बद्द येतोय. म्हणजे काम वाढलं. डोलकाठी उतरवायची असं ठरलं, थंडी ओसरली की इपॉक्सीला हात लावीन. आता एवढंच सांगा: डेकचं बाल्सा वरून कापून बदलायचं की आतून छत उघडून? आतून केलं तर वरचा खरखरीत नक्षीचा पृष्ठभाग वाचेल, पण डोक्यावर इपॉक्सीत भिजवलेलं कापड चिकटवताना ते खाली लोंबणार नाही का?