रिपोर्ट लांबला म्हणजे वाईटच, असं नसतं

ताई, स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीला आठवडा होत आला, रिपोर्ट नाही, म्हणजे नक्की वाईटच निघालं असणार, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून असा निष्कर्ष काढू नका. गाठीचा काढलेला तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, किमान सहा तास, बरेचदा रात्रभर ठेवतात. मग मेणात बसवून ३ ते ५ मायक्रॉनचे काप काढतात, रंगवतात, तेव्हा कुठे पॅथॉलॉजिस्ट बघतात. गाठ साधी आहे हे खात्रीनं सांगायलाही कधी जादा तपासण्या लागतात. आणि कर्करोग निघालाच, तर ईआर, पीआर, हर-२ या उपचार ठरवायला लागणाऱ्या तपासण्यांचा रिपोर्ट बहुधा मागाहून येतो.

सोनोग्राफीत 'बायरॅड्स ४' आलंय म्हणता. बायरॅड्स म्हणजे गाठीबद्दल संशय किती, ते सांगणारे गट. चौथ्या गटात कर्करोगाची २ पासून ९५ टक्क्यांपर्यंतची शक्यता येते, इतका तो गट मोठा आहे. ४ए, ४बी की ४सी, ते डॉक्टरांना विचारा. ४ए असेल तर शक्यता १० टक्क्यांच्या आतच असते.

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या वेळी सगळ्यात त्रास झाला तो नातेवाइकांच्या फोनचा. शेवटी दिरांनी सगळ्यांना सांगितलं, "काय ते मला विचारा." त्यानंतर त्या जरा झोपू लागल्या. रिपोर्ट मोबाईलवर येणार असेल तर एकट्यानं, रात्री उघडू नका हो. डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवा.

उद्या लॅबला फोन करून तारीख विचाराच. ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड्स (काचेवरचे काप) कधी मिळतील तेही विचारा, दुसरं मत घ्यायचं झालं तर त्याच मागतात.