ओट्यावर चढणाऱ्या पिल्लाला कसे आवरावे?

पागोळी

नमस्कार. आमच्या घरी साधारण चार महिन्यांचे मांजरीचे पिल्लू आहे. दीड महिन्यापूर्वी ते सोसायटीच्या जिन्याखाली एकटेच ओरडत बसलेले सापडले आणि कपाळावरच्या काळ्या ठिपक्यामुळे त्याचे नाव टिकली पडले. लस, जंताचे औषध, खाणेपिणे हे सारे वेळच्या वेळी चालू आहे, आणि वाळूच्या भांड्याची सवय तर तिला दोनच दिवसांत लागली. अडचण एकच आहे, ती म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. पूर्वी तिला तिथवर उडी मारता येत नव्हती म्हणून आम्ही निर्धास्त होतो. गेल्या पंधरा दिवसांपासून मात्र ती एका झेपेत वर पोचते.

आमचे स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीला लागून उघडेच आहे. त्याला दार नसल्यामुळे तिला बाहेर ठेवून दार लोटून घेण्याची सोय नाही. सासूबाईंचा टिकलीवर जीव आहे, परंतु ज्या ओट्यावर पोळ्या लाटल्या जातात आणि सणावाराला नैवेद्य रांधला जातो तिथे वाळूच्या भांड्यातून आलेले पाय पडू नयेत, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला पटते. त्याहून मोठी काळजी शेगडीची आहे. मागच्या मंगळवारी मंद आचेवर आमटी उकळत असताना ती शेजारून गेली आणि तिच्या एका बाजूच्या मिशांची टोके करपून कुरळी झाली.

आतापर्यंत मोठ्याने ‘नाही’ म्हणून पाहिले, टाळ्या वाजवल्या, प्रत्येक वेळी उचलून खाली ठेवले. तिला तो खेळ वाटतो. आठवडाभर पाण्याचा फवाराही वापरला. आता मी समोर असताना ती चढत नाही, पण रात्री भांड्यांचा आवाज येतो. शेजारच्या काकूंनी ओटा फिनाइलने पुसून घ्या, त्या वासाने ती फिरकणार नाही, असे सुचवले आहे. ते करावे का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्ग सांगावा.

बोक्याचा मामा

फिनाइलचा विचार आधी मनातून काढून टाका, त्याविषयी पुढे कोणीतरी सविस्तर लिहीलच. माझ्याकडे गेल्या बारा वर्षांत तीन मांजरे झाली आणि तिघांनीही ओटा सोडला, तेव्हा धीर धरा.

फवाऱ्याने काय घडले ते तुम्हीच लिहिले आहे. टिकलीने ओट्याचा संबंध पाण्याशी जोडला नाही, तुमच्याशी जोडला. तुम्ही असता तेव्हा पाणी अंगावर येते आणि तुम्ही नसता तेव्हा येत नाही, हा तिचा हिशेब अगदी बरोबर आहे. शिक्षेची हीच अडचण असते की ती चोवीस तास हजर राहू शकत नाही, आणि त्यापायी पिल्लू माणसाला बिचकू लागते ते वेगळेच.

म्हणून आधी एक काम करा. सात-आठ दिवस तिला काहीही न शिकवता फक्त पाहा आणि लिहून ठेवा: ती किती वाजता चढते, ओट्यावर नेमकी कुठे जाते आणि तिथे पोचल्यावर काय करते. आपण ‘ओट्यावर चढते’ असे एकच वाक्य म्हणतो, पण त्यात चार-पाच निरनिराळी कामे दडलेली असतात. माझा पहिला बोका बेसिनपाशी जायचा, कारण त्याला वाटीतल्या साचलेल्या पाण्यापेक्षा नळाची ठिबकणारी धार आवडत असे. नळाचा वायसर बदलला आणि त्याची अर्धी चढाई थांबली. दुसरी मांजर एप्रिल-मे महिन्यांतच चढायची, आणि ती काही खात नसे, ग्रॅनाइटच्या गारव्यावर पोट टेकून पडून राहत असे. तिला बाल्कनीच्या दाराशी सावलीत शहाबादी फरशीचा उरलेला तुकडा टाकून दिला. तिसरा मात्र अस्सल चोर होता. या तिघांना एकच उपाय केला असता तर तो एकालाही लागू पडला नसता.

कारण कळल्याशिवाय चिकटपट्ट्या आणि फॉइल यांवर पैसे घालवू नका. ओट्याच्या कडेला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावल्यास काही मांजरे कंटाळून जातात हे खरे, परंतु माझी दुसरी मांजर अॅल्युमिनियमच्या फॉइलवर इतक्या आनंदाने उड्या मारायची की आम्हालाच रात्री झोप येईना.

चहाबिस्कीट

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. आमच्या मांजरीला दोन वेळा पाणी मारले आणि तिने पुन्हा ओट्याकडे पाहिले नाही. इतकी निरीक्षणे आणि नोंदी ठेवण्याची गरज मला तरी वाटत नाही.

बोक्याचा मामा

काही भित्र्या मांजरांच्या बाबतीत तसे होते, हे मी नाकारत नाही. मात्र मूळ प्रश्न विचारणाऱ्यांनी आठवडाभर फवारा वापरला आहे आणि रात्री भांडी पडत आहेत. तोच उपाय आणखी जोराने करण्यात अर्थ नाही.

मोदकपात्र

फिनाइलविषयी लिहिते, कारण हा सल्ला पुष्कळ घरांत दिला जातो आणि तो घातक आहे. काळ्या फिनाइलमध्ये फिनॉलच्या जातीची द्रव्ये असतात. ती शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी प्रक्रिया व्हावी लागते ती मांजरांमध्ये फारच दुबळी असते. मांजर पुसलेल्या ओट्यावरून चालते आणि नंतर पंजे चाटून स्वच्छ करते, म्हणजे ते द्रव्य थेट पोटात जाते. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतते, ती याच दुबळेपणामुळे. तेव्हा ओट्यावर किंवा फ्रिजवर औषधांची पाकिटे राहत असतील तर तीही डब्यात ठेवावीत. निलगिरीचे तेल, टी ट्रीचे तेल, कापूर आणि डांबराच्या गोळ्या यांचाही वास ‘मांजर पळवण्यासाठी’ वापरू नये. ओटा साध्या भांड्याच्या साबणाच्या पाण्याने धुऊन, मग स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून घेतला तर पुरेसे आहे.

सासूबाईंचा आक्षेप केवळ सोवळ्याचा नाही, तो आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य आहे. वाळूचे भांडे स्वयंपाकघरापासून शक्य तितके दूर ठेवावे आणि त्यातली घाण दररोज काढावी. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची मांजराच्या विष्ठेतून पडणारी अंडी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, त्यामुळे रोजची सफाई हा त्यावरचा मोठा उपाय आहे. घरात कोणी गरोदर असेल तर ते काम दुसऱ्याने करावे. पिल्लाला कच्चे मांस देऊ नये.

आणखी एक गोष्ट. आमच्या कोकणातल्या घरी आजी दूध, दही आणि उरलेले कालवण शिंकाळ्यात टांगून ठेवायची, आणि तळलेले मासे जाळीच्या कपाटात जायचे. मांजराला शिस्त लावण्याचा प्रयत्न त्या घरात कोणी केल्याचे मला आठवत नाही. ओट्यावर खाण्याजोगे काही राहणारच नाही, एवढेच पाहिले जाई. फ्रिज आल्यापासून आपण उलट बेफिकीर झालो आहोत. तापवलेल्या दुधाचे पातेले निवण्यासाठी दोन तास ओट्यावर उघडे राहते, आणि मग मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणून आपण तिलाच नावे ठेवतो. पातेल्यावर जड झाकण ठेवावे. शिऱ्याची किंवा लाडवांची ताटलीही उघडी ठेवू नये. मांजराला गोड चव कळतच नाही, पण तुपाचा वास तिला बरोबर कळतो.

पागोळी

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवस वहीत नोंदी ठेवल्या आणि आम्हीच चकित झालो. टिकली दिवसातून तेरा-चौदा वेळा चढते, त्यांपैकी बहुतेक वेळा ती ओट्याच्या टोकाला असलेल्या खिडकीशी जाते, कारण बाहेरच्या छज्जावर कबुतरे बसतात. घरातली ही एकच खिडकी अशी आहे की जिच्यातून तिला बाहेरचे दिसते. दुसरी वेळ सकाळी सात ते आठ, म्हणजे डब्यांच्या गडबडीची. त्याचे कारण सासूबाईंनी चौथ्या दिवशी स्वतःच सांगितले: दुधावरची साय काढताना त्या बोटभर साय तिला तिथेच, ओट्यावरच, चाटवत होत्या. “रोज नाही ग, कधीतरीच,” असे त्या म्हणाल्या. आम्ही सगळे खूप हसलो. पण पुढे काय करावे?

बोक्याचा मामा

‘कधीतरीच’ हाच खरा घोटाळा आहे. रोज मिळणारी साय बंद झाली तर मांजर चार दिवसांत समजते की दुकान बंद झाले. कधी मिळते आणि कधी मिळत नाही अशी साय असेल तर ते मटका लावणाऱ्या माणसासारखे रोज नव्या आशेने येत राहते. त्यामुळे आजपासून घरातल्या कोणाच्याही हातून ओट्यावर काहीही मिळता कामा नये. सुरुवातीला तिचे चढणे कमी होण्याऐवजी वाढेल. लिफ्ट आली नाही की आपण बटण पुन्हा पुन्हा दाबतो, तसेच ते असते. त्या दिवसांत कोणी विरघळले तर सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागेल.

आता तिला जे हवे आहे ते दुसरीकडे द्या. बैठकीच्या खोलीतल्या एखाद्या खिडकीपाशी ओट्याहून उंच अशी बसण्याची जागा करा. जुनी फळी भक्कम बसवून वर गोणपाट गुंडाळले तरी चालते. खिडकीला मजबूत जाळी असल्याची खात्री आधी करून घ्या, कबुतरामागे झेपावलेले पिल्लू मजला पाहत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीचा खालचा अर्धा भाग काही दिवस कागद चिकटवून झाकून टाका, म्हणजे तिथे पाहण्यासारखे काही उरणार नाही.

तिसरे काम म्हणजे स्टूल. ओट्यापासून दोन हात दूर एक स्टूल ठेवा आणि त्यावर तिचे ठरावीक आसन घाला. ती आपणहून त्यावर चढली की जिभेने ‘टक’ असा आवाज करा आणि त्याच क्षणी उकडलेल्या कोंबडीचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा द्या. कोंबडी मीठ, कांदा आणि लसूण न घालता उकडलेली हवी, कारण कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बक्षीस उशिरा दिले तर ते कशाबद्दल होते हे तिला कळत नाही, म्हणून तुकड्यांची वाटी हाताशी असावी. दोन-दोन मिनिटांचे धडे दिवसातून तीन-चार वेळा पुरेत. हळूहळू तुकडा देण्यापूर्वीचा वेळ वाढवत न्या. ती ओट्यावर गेलीच तर न बोलता, न रागावता, तिच्याकडे न पाहता उचलून खाली ठेवा. तुमचे ओरडणे हेही तिच्या दृष्टीने लक्ष देणेच आहे.

आणि डबे करण्यापूर्वी दहा मिनिटे तिला दोरीच्या टोकाला बांधलेल्या पिसामागे पळवा, मग तिचे सकाळचे खाणे द्या. शिकार झाली, पोट भरले, अंग चाटून झाले की मांजर झोपते, आणि तेवढ्यात तुमच्या पोळ्या होतात. शेगडी बंद केल्यावर तापलेल्या बर्नरवर पाण्याने भरलेले पातेले ठेवण्याची सवय मात्र कायमची लावून घ्या, कारण शिकलेले मांजरही एखाद्या दिवशी चुकते.

पागोळी

सव्वा महिन्यानंतर लिहीत आहे. पहिले पाच दिवस टिकलीने अक्षरशः उच्छाद मांडला. दुसऱ्याच दिवशी सासूबाई सायीची वाटी घेऊन विरघळण्याच्या बेतात होत्या, त्यांना मुलाने आवरले. त्यानंतर चढणे झपाट्याने उतरले. आता दिवसा ती ओट्यावर जवळजवळ जात नाही. गेल्या आठवड्यात दोन वेळा पहाटे पंजांचे ठसे दिसले, आणि दोन्ही वेळा आदल्या रात्री बेसिनमध्ये माशांची ताटे तशीच राहिली होती, त्यामुळे तिला दोष देता आला नाही. बैठकीतल्या खिडकीची फळी तिने पहिल्याच दिवशी आपली मानली. मिशाही पुन्हा सरळ उगवल्या आहेत.

सासूबाई पोळ्या लाटत असताना ती स्टुलावर आसन घालून बसते. तुकडा मिळायला उशीर झाला तर एक पाय पुढे करून त्यांच्या दंडावर हळूच ठेवते, आणि तिकडे तव्यावरची पोळी करपते. यावर काय करावे, हे मी नवीन धाग्यात विचारीन.