मॉक : अभिरूप, तोतया की होयबा?

नव्या सहकाऱ्यांसाठी युनिट टेस्टिंगवर (कोडचा एकेक छोटा भाग वेगळा तपासणं) मराठीत टिपण लिहिते आहे. टेस्टमध्ये खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी ठेवलेला नकली ऑब्जेक्ट म्हणजे मॉक. अभिरूप न्यायालय, अभिरूप संसद रूढ आहेत म्हणून 'मॉक'ला 'अभिरूप' लिहिलं. पण काल पायथनच्या एका टेस्टमध्ये युजरच्या जागी मॉक होता. 'हा अ‍ॅडमिन आहे का?' याचं उत्तर कुणी ठरवून दिलं नव्हतं, तरी दरवेळी 'हो'! ठरवून न दिलेल्या कॉलला हा मॉक दुसरा मॉकच परत देतो आणि 'इफ'मध्ये तो खरा धरला जातो. यात मुळाचं रूप कुठे आहे? दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद : तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तसा मॉक खऱ्याच्या जागी उभा राहतो.

प्रतिसाद : पण 'तोतया पोलीस', 'तोतया उमेदवार' यांत लबाडी येते. टेस्टमध्ये तर आपणच त्याला बसवतो.

प्रतिसाद : आपल्याला ठाऊक असतं, तपासल्या जाणाऱ्या कोडला नसतं. म्हणून तोतया पटतो. अडचण वेगळीच आहे. तोतयाला मूळ माणसाची खडान्‌खडा माहिती लागते. कोऱ्या मॉकला काहीच नसते, मागाल ती मेथड तो जागेवर हजर करतो. तो होयबा आहे. पायथन ३.४ पर्यंत 'असर्ट कॉल्ड वन्स' ही, मॉकला एकदाच कॉल झाला का हे तपासणारी, मेथडच नव्हती. कुणी ती लिहिली तर मॉक तीही निमूट स्वीकारायचा, काहीच न तपासता टेस्ट हिरवी, म्हणजे पास! ३.५ पासून 'असर्ट'ने सुरू होणाऱ्या अनोळखी नावांवर एरर येऊ लागली, ३.६ मध्ये ती मेथड खरोखर आली. ऑटोस्पेक (मूळ क्लासवरून मॉक बेतण्याची सोय) लावा, म्हणजे मूळ क्लासमध्ये नसलेलं काही मागितलं की मॉक नकार देतो. तो खरा तोतया.

प्रतिसाद : 'होयबा' पायथनपुरता ठीक. जावातल्या मॉकिटो या मॉक बनवणाऱ्या लायब्ररीचा मॉक न शिकवलेल्या कॉलला नल, शून्य, फॉल्स किंवा रिकामी यादी देतो. तुमच्या अ‍ॅडमिनच्या प्रश्नाला तिथे दरवेळी 'नाही' मिळेल. त्याला होयबा कसं म्हणणार?

मूळ प्रश्नकर्ती : हे लक्षातच आलं नव्हतं, आभार. मग टिपणात 'तोतया' ठेवते. 'होयबा' हे दोषाचं नाव. रिव्ह्यूमध्ये 'हा तोतया होयबा झालाय, ऑटोस्पेक लावा' असं लिहिता येईल. स्टबला, म्हणजे ठरलेलं उत्तर देणाऱ्या नकली ऑब्जेक्टला, 'बुजगावणं' चालेल?

प्रतिसाद : नको. स्टब ठरलेलं उत्तर तरी देतो. बुजगावणं नुसतं उभं असतं, ते डमीसाठी, म्हणजे नुसती जागा भरणाऱ्या, कधीच न वापरल्या जाणाऱ्या ऑब्जेक्टसाठी राखून ठेवा.