तीन पंचांचं सर्किट फक्त 7400 वर: दोन आयसीत बसेल का?

डिप्लोमा_तिसरं_सेम:
नमस्कार. तीन पंच, प्रत्येकाला एक स्विच. निदान दोघांनी होकार दिला तर एलईडी लागला पाहिजे. स्विचांना ए, बी, सी म्हटलं आणि होकार म्हणजे 1 धरला, तर ट्रुथ टेबलमध्ये (सगळ्या शक्यतांचा तक्ता) 011, 101, 110, 111 या ओळींना 1 येतो. के-मॅपवरून (सूत्र लहान करायचा तक्ता) एबी + बीसी + सीए मिळालं; इथे गुणाकार म्हणजे अँड, + म्हणजे ऑर. अट अशी की फक्त दोन इनपुटची नँड गेट (अँडचं उलट: दोन्ही इनपुट 1 असतील तेव्हाच 0) वापरायची; 7400 या आयसीत अशी चार असतात. एका अँडला दोन नँड आणि एका ऑरला तीन धरली तर 12 गेट होतात, म्हणजे तीन 7400. मॅडम म्हणतात दोनच घ्या. गेट कुठे वाचतील?

कट्ट्यावरचा_इंजिनिअर:
सूत्रावर दोन बार (उलट करायच्या रेघा) द्या आणि डी मॉर्गनचा नियम लावा: ऑरचं उलट म्हणजे उलट केलेल्यांचं अँड. तीन नँड, शेवटी एक तीन इनपुटचं नँड. त्यासाठी 7410 (तीन इनपुटच्या नँडची आयसी) घेतलं की चार गेटांत काम झालं.

लॅबवाल्या_बाई:
अट दोन इनपुटची आहे, तेव्हा 7410 नको. तुझं 12 गेटांचं सर्किट बरोबरच आहे, ते कागदावर पूर्ण काढ. अँड म्हणजे नँड आणि पाठोपाठ नॉट (1 चा 0, 0 चा 1 करणारं गेट). ऑर म्हणजे आधी दोन नॉट, मग नँड. अँडची तार ऑरमध्ये शिरते तिथे नॉटला नॉट लागून येतो. ती जोडी खोड. अशा तीन जोड्या निघतात, सहा गेट उरतात. मी वर्गात हे लाल पेनाने खोडायलाच लावते. नुसतं सूत्र पाठ केलं तर पुढच्या टेबलला पोरं पुन्हा अडतात.

आता जोडणी. पहिली आयसी: ए, बी पिन 1, 2 वर; बी, सी पिन 4, 5 वर. आउटपुट 3 आणि 6 हे 9, 10 ला दे. 8 ची तार 12 आणि 13 दोन्हींना, म्हणजे ते गेट नॉट झालं. दुसरी आयसी: सी, ए पिन 1, 2 वर. तिचं 3 तिच्याच 5 ला, पहिलीचं 11 हिच्या 4 ला. उत्तर पिन 6 वर. दोन्हींना 7 ग्राउंड, 14 ला पाच व्होल्ट.

एलईडी थेट 6 वर लावू नकोस. 74एलएस मालिकेतल्या आयसीचं आउटपुट वर (1) असताना करंट फार कमी देतं, खाली (0) असताना बराच ओढतं. उरलेल्यातलं एक गेट नॉट कर: 6 वरून 9 आणि 10 ला तार, आणि पाच व्होल्टपासून 470 ओहम, एलईडी, मग पिन 8. स्विच ग्राउंड आणि पाच व्होल्ट यांत फिरणारेच घे. 74एलएस मध्ये मोकळं इनपुट 1 धरलं जातं, कुणी होकार न देताच दिवा लागेल.

डिप्लोमा_तिसरं_सेम:
लागलं, बाई! आठही ओळी तपासल्या. पण एकाच गेटचा हट्ट कशाला?

लॅबवाल्या_बाई:
एकाच गेटमधून सगळं लॉजिक उभं राहतं हे तर्कशास्त्रज्ञ शेफर यांनी 1913 मध्येच छापून दाखवलं. अपोलो यानातल्या संगणकाचं लॉजिक तीन इनपुटच्या नॉर (ऑरचं उलट) गेटांवर बांधलं होतं. एकच प्रकारची आयसी, म्हणजे तपासणी आणि खात्री एकाच वस्तूची.

आता सहाही नँडच्या जागी नॉर ठेवून बघ. याच जोडणीतून हेच उत्तर येतं, कारण ए+बी, बी+सी, सी+ए यांचा गुणाकारही तेच टेबल देतो. नॉरची आयसी 7402, तिच्या पिना मात्र वेगळ्या: आउटपुट 1 वर, इनपुट 2 आणि 3. डेटाशीट समोर ठेव.