नसलेल्या कार्डाचा ड्रायव्हर: चाचणी की खेळ?

निवृत्त_इंटरप्ट (धागाकर्ता)
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं: 'ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लिहायला आता खरं बोर्ड लागतच नाही. क्यूएमूत, म्हणजे अख्ख्या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरात, खोटं कार्ड घाला, चाललं की झालं.' डोकं फिरलं, म्हणून हा धागा. क्यूएमूतलं 'एड्यू' कार्ड घ्या. आकडा लिहा, ते फॅक्टोरियल काढतं, इंटरप्ट देतं, म्हणजे 'काम झालं' म्हणून प्रोसेसरला हाक मारतं. शिकवायला ठीक. पण खऱ्या पीसीआयवर, म्हणजे कार्ड जोडणाऱ्या बसवर, लिहिलेलं वाटेत रेंगाळतं, परत वाचल्याशिवाय पोचल्याची खात्री नसते. क्यूएमूत ते तत्क्षणी पोचतं. चूक करूनही पास! कोरड्या विहिरीत पोहायला शिका मग.

टेस्टवाली
पास? एड्यूच्या हेक्स ६४ च्या रजिस्टरवर पोचपावती न लिहिता हँडलरमधून (इंटरप्ट आला की चालणाऱ्या कोडमधून) बाहेर पडून बघा. इंटरप्टची लाइन खाली येतच नाही, हँडलर पुन्हा पुन्हा लागतो, मशीन गोठतं. माझ्याकडची नवी मुलं हमखास इथे अडकतात. शिवाय त्याचा डीएमए (कार्डाने स्वतःच मेमरीत लिहिणं-वाचणं) मुद्दाम २८ बिटांचा ठेवलाय. मास्क लावला नाहीत, म्हणजे कार्डाला किती बिटांचा पत्ता झेपतो हे कर्नलला सांगितलं नाहीत, तर २५६ एमबीवरच्या पत्त्याचे वरचे बिट कापून भलतीकडेच लिहितं. असं भिकार कार्ड बाजारातून आणून दाखवा.

निवृत्त_इंटरप्ट
आणि क्यूएमूचा पीसी काही न सांगता मेमरी किती देतो? १२८ एमबी. म्हणजे २५६ च्या वरचा पत्ता येणारच नाही. मास्क विसरा, सगळं हिरवं!

टेस्टवाली
मेमरी वाढवायला पैसे पडतात का हो?

कीलचा_कैदी
सिम्युलेटरने आमची पिढी वाया घालवली. कॉलेजात ८०५१ या मायक्रोकंट्रोलरचं प्रॅक्टिकल म्हणजे कील हा सिम्युलेटर उघडा, पोर्टवरचे टिक बघा, जर्नलवर सही घ्या. किट कपाटात, किल्ली असिस्टंटकडे. पहिल्या नोकरीत बटण एकदा दाबलं की काउंटर तीन-चारने पुढे! बाउन्स (दाबताना बटणाचा संपर्क थरथरतो तो) फक्त व्हायव्हापुरता पाठ.

लॅबचे_सर
किल्ली का लपवतात? अर्धे किट मेलेले असतात. तुमच्यासारख्यांनीच उलटा सप्लाय लावून जाळलेले. नवे मागा, की खरेदी समिती, तीन कोटेशनं, आणि मार्चनंतर 'बजेट संपलं'.

कीलचा_कैदी
फी भरून किट बघायलाही मिळू नये? धन्य आहे सर.

लॅबचे_सर
सहीसाठी रांग लावायचात, तेव्हा किट आठवला नव्हता वाटतं.

निवृत्त_इंटरप्ट
कॉलेजचं रडगाणं दुसऱ्या धाग्यात गा! आमच्या एका आर्म प्रोसेसरच्या बोर्डावर नेटवर्क पॅकेटातले काही बाइट शिळे यायचे. पोराने डीएमए मॅपिंग न करता बफरचा पत्ता थेट कार्डाला दिलेला. लॅपटॉपवरच्या क्यूएमूत तेच झकास चाललं होतं, कारण तिथे कॅशचा (प्रोसेसरजवळ राहिलेल्या जुन्या प्रतींचा) प्रश्नच येत नाही.

टेस्टवाली
एका पोराच्या गोष्टीवरून निकाल? गूगलचं बग शोधणारं साधन सिझकॉलर, डमी एचसीडी (खोटा यूएसबी कंट्रोलर) आणि रॉ गॅजेट (खोटं उपकरण घडवणारा इंटरफेस) जोडून कर्नलला नसलेली, वाकडी यूएसबी उपकरणं भरवतो. त्यातून लिनक्सच्या यूएसबी ड्रायव्हरांतले ढीगभर बग निघाले. शहाणासुरता पेनड्राइव्ह जन्मात तसा वागला नसता. आणि खऱ्या कार्डावरच चाचणी करा म्हणणाऱ्यांनी २००८ आठवावं. लिनक्स २.६.२७ च्या आरसी (रिलीजआधीच्या) कर्नलनी इंटेलच्या ई१०००ई नेटवर्क कार्डांचा एनव्हीएम (कार्डावरची कायमची मेमरी) खराब केला. कार्डं गेली.

निवृत्त_इंटरप्ट
अर्धवट सांगू नका. दोष ड्रायव्हरचा नव्हताच, एफट्रेसचा (कर्नलमधल्या फंक्शनांचा माग काढणाऱ्या साधनाचा) होता. इनिटचा (सुरुवातीला एकदाच लागणारा) कोड मोकळा झाला, त्याच पत्त्यावर कार्डाची मेमरी मॅप झाली, आणि एफट्रेस तिथे जुना कोड समजून लिहीत राहिला. खोट्या कार्डावर हे कुणाला दिसलं असतं?

टेस्टवाली
नसतंच कदाचित. पण खोट्या कार्डावर मेली असती ती एक फाइल. परत कॉपी केली की झालं.

निवृत्त_इंटरप्ट
बरं बाई, जिंकलात. फझिंगला, म्हणजे वाकडं काहीतरी भरवून बग काढायला, वापरा, कोण अडवतंय? बोर्डाशिवाय रिलीज मात्र नाही.

चिपच्या_आधी
चिपच नसेल तर बोर्ड कुठून आणायचा, काका? एएमडीने ६४ बिटांचं स्पेसिफिकेशन २००० मध्ये दिलं, त्यावरचा पहिला प्रोसेसर ऑप्टेरॉन बाजारात आला एप्रिल २००३ मध्ये. लिनक्सचं पोर्टिंग तोवर सिम्युलेटरवर सुरू झालं होतं. आमचीही चिप अजून फॅबमध्येच (चिप बनवणाऱ्या कारखान्यात) आहे. तोवर काय भजन करू?

निवृत्त_इंटरप्ट
लिहा की ड्रायव्हर. फक्त स्टेटस रिपोर्टात 'टेस्टेड' लिहू नका.

चिपच्या_आधी
ते मॅनेजर लिहितो.