घरी डिस्टॉर्शन भन्नाट, बँडमध्ये गिटार गायब! काय करू?

तारतुटे_नाशिक
मंडळी, मदत हवीय. आमचा चौघांचा बँड आहे, मेटल वाजवतो. माझ्याकडे ब्रिजला (तारा जिथे अडकतात तिथे) हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, असलेली साधी गिटार, बॉसचं मेटल झोन हे डिस्टॉर्शनचं (आवाज करकरीत करणारं) पेडल आणि १५ वॉटचा, ८ इंची स्पीकरवाला प्रॅक्टिस अ‍ॅम्प. घरी वाजवलं की खोली अशी दणाणते की आई दार लावून घेते. पण प्रॅक्टिसला ड्रमर सुरू झाला की माझी गिटार ऐकूच येत नाही, नुसती फसफस. आवाज वाढवला तर बासवाला ओरडतो.
सेटिंग: डिस्ट (डिस्टॉर्शन) फुल्ल, बास (खालचे स्वर) फुल्ल, ट्रेबल (वरचे) फुल्ल, मिड (मधले) शून्य.
ड्रमर म्हणतो, स्पीकरच्या कागदाला ब्लेड मार, जुने लोक तेच करायचे. खरंच करायचे का? की व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पशिवाय हे जमतच नाही? बजेट नाहीये.

गप्पबस
ब्लेड ड्रमरच्या स्नेअरला मार. प्रश्न मिटला.

ऑर्केस्ट्रावाला
ब्लेड ठेवून दे आणि अ‍ॅम्पचाही विचार सोड. मी पुष्कळ वर्षं ऑर्केस्ट्रात लीड वाजवतोय. लावणीच्या मागे ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन कीबोर्ड आणि त्यातून गिटार ऐकू आली पाहिजे, ही आमची रोजची लढाई. त्यामुळे तुझं दुखणं ओळखीचं आहे.

उत्तर तूच लिहिलं आहेस: मिड शून्य. खालच्या ई तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झ, पण तिथे बास गिटार आणि किक आधीच ठाण मांडून बसलेत. वर झांजांचं राज्य. उरली मधली जागा, साधारण ४०० ते २००० हर्ट्झ, आणि नेमकी तीच तू रिकामी केलीस.

मग घरी झकास का वाटतं? हळू आवाजात कानाला अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. आपण नकळत बास-ट्रेबल वाढवतो, मिड कापतो. बँडच्या आवाजात कान ते स्वर नीट ऐकतो, आणि तोच टोन खाली गुरगुरतो, वर फसफसतो, मध्ये काहीच नाही. म्हणून टोन लावायचा तो ड्रम चालू असताना.

आता मेटल झोन. या पेडलला लोक उगाच शिव्या घालतात. त्यातला मिडचा जोडनॉब बघ: एका भागाने कुठला मिड ते ठरतं, २०० पासून ५००० हर्ट्झपर्यंत, दुसऱ्याने तो वाढवायचा की कापायचा ते. आधी सगळे नॉब घड्याळाच्या काट्यासारखे बारा वाजता आण, लो (बास) जरा त्याच्याही खाली. डिस्ट नऊ वाजता. हो, नऊ! शून्यावरसुद्धा ते भरपूर करकरतं. मग पाम म्यूट करत (तळहाताने तारा दाबून वाजवत) मिड थोडा वर घे आणि फ्रिक्वेन्सी सावकाश फिरव. एका जागी आवाज नाकातून आल्यासारखा होईल, तिथून किंचित पुढे जाऊन थांब. एकट्याने ऐकताना हा टोन तुला चेपलेला वाटेल. वाटू दे.

गेन, म्हणजे डिस्टचा नॉब वाढवणं, म्हणजे लाटेचा माथा छाटणं. माथा एकदा सपाट झाला की पुढचा गेन फक्त हम (घुंघुं) आणि बोटांची खसखस वर आणतो, पिकचा ठोका मारतो. रिफ (पुन्हापुन्हा येणारा छोटा तुकडा) जड वाटतो तो त्या ठोक्यामुळे.

आणि रिफमध्ये पूर्ण मेजर कॉर्ड (सा-ग-प) धरत असशील तर सोड, फक्त सा आणि प धर. सा आणि प यांचं नातं २:३ चं, ते डिस्टॉर्शनमधूनही स्वच्छ निघतं. मध्ये ग घातलास की स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून भलतेच स्वर उगवतात.

पुढेमागे पैसे आले तर मेटल झोनच्या आधी एखादं हिरवं, ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल लाव. ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल्ल. त्यात ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी ढकलला जातो, त्यामुळे खालची तार गिचमिड करत नाही.

चिप_४५५८
ब्लेडची गोष्ट खरी आहे. किंक्स या इंग्लिश रॉक बँडच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ च्या सुमारास एल्पिको नावाच्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागदी कोन ब्लेडने फाडला आणि तो अ‍ॅम्प व्हॉक्स एसी-३० मधून वाजवला. पण तेव्हा फझ (करकरीत आवाजाची) पेडलं नुकतीच निघाली होती, माएस्ट्रोचं एफझेड-१ हे १९६२ चं. तुझ्याकडे पेडल आहे, स्पीकर वाचव.

@ऑर्केस्ट्रावाला, एक शंका. स्वीडिश डेथ मेटलवाले बॉसच्याच एचएम-२ या डिस्टॉर्शन पेडलचे चारही नॉब फुल्ल ठेवायचे. एन्टुम्ड वगैरे बँड, स्टॉकहोमचा सनलाइट स्टुडिओ. तिथे तुमचा 'कमी गेन' कुठे गेला?

ऑर्केस्ट्रावाला
शंका बरोबर, पण त्या पेडलवर ज्याला 'हाय' म्हटलंय तो खरा ट्रेबल नव्हेच. तो १००० हर्ट्झच्या आसपास उचलतो. म्हणजे ते लोक मिड फुल्ल करून वाजवत होते! गेन फुल्ल चाललं ते त्यामुळे. शिवाय करवतीसारखाच आवाज हवा होता त्यांना, प्रत्येक नोट सुटी ऐकू यावी हा आग्रह नव्हता.

तारतुटे_नाशिक
काका, शनिवारी प्रॅक्टिसला करून पाहिलं. डिस्ट दहा वाजता ठेवलं (नऊला हिंमत झाली नाही). आवाज न वाढवता गिटार वर आली. बासवाला म्हणाला, आज पहिल्यांदा कळलं तू काय वाजवतोस. त्यावर भांडण झालं, ते वेगळं.
आता नवीन कटकट: नेकच्या (मानेजवळच्या) सिंगल कॉइल पिकअपवर गेलं की रूममध्ये जोरात घुंऽऽ येतं. फॉल्टी आहे का?

ऑर्केस्ट्रावाला
फॉल्टी नाही. सिंगल कॉइल ५० हर्ट्झचा हम पकडणारच. हंबकरमध्ये दोन उलट्या कॉइल तो एकमेकींत मारतात. चोकवाली ट्यूबलाइट बंद करून बघ, अ‍ॅम्पपासून लांब जा, गिटारसकट जागच्या जागी वळ. एका कोनात हम एकदम पडेल, तिथे उभा राहा. रूमचं एक्स्टेन्शन टू-पिन असेल तर आधी ते बदलायला लाव. आणि हम जावा म्हणून कोणी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडायला सांगितली तर अजिबात ऐकू नकोस, शॉक बसेल. नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं पेडल) सगळ्यात शेवटी. पेडलला अ‍ॅडॉप्टर कुठला लावतोस ते लिही.